परदेशी सुखाने राहावयाचे तर

परदेश म्हटला की पूर्वी डोळ्यांपुढे बोट उभी राही. मुंबईचा धक्का, निरोपाला जमलेली माणसे आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत हलणारे रुमाल. ते दिवस गेले. आता कागलचा गवंडी, शिरोलीच्या फौंड्रीत हात बसलेला मोल्डर, गडहिंग्लजची परिचारिका, भुदरगडचा ट्रकचालक अशी माणसे संध्याकाळी स्टँडवरून मुंबईच्या गाडीत बसतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुबईला नाही तर मस्कतला कामावर हजर होतात. शिकलेली मुले लंडन, जर्मनी, अमेरिका गाठतात. वाचकहो, तुमच्याही गावात अशी दोन-चार घरे असतील.

जाणे असे सोपे झाले आहे. राहणे मात्र तितके सोपे झालेले नाही. कुणाचा पगार अडकतो, कुणाचा पासपोर्ट मालक काढून घेतो, कुणी तिथल्या हवेने अंथरूण धरतो, तर कुणाला पिशवीत काय होते म्हणून विमानतळावरच चौकशीला बसावे लागते. अशा हकिगतींच्या मुळाशी गेले तर बहुधा असे दिसते की, गाठ तिकडे पडलेली नसते. ती येथून निघण्यापूर्वीच पडलेली असते. परदेशातले सुख घरीच तयार करून न्यावे लागते, एवढी एकच गोष्ट मला या भाषणात सांगावयाची आहे. ते कसे तयार करावयाचे, हे आपण क्रमाने पाहू.

कोल्हापूरला हा विषय नवा नाही. १८७० साली कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडला गेले. वय अवघे वीस. इंग्रजी उत्तम येत होते, बरोबर माणसे होती, जागोजागी स्वागताला अधिकारी होते. ते रोजनिशी लिहीत असत आणि ती पुढे १८७२ साली छापूनही निघाली. परंतु परतीच्या वाटेवर, हिवाळ्याच्या तोंडावर, इटलीतील फ्लॉरेन्स शहरी त्यांची प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे तेथेच निधन झाले. आर्नो नदीच्या काठी आपल्या रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार झाले. तेथे त्यांचे स्मारक आजही उभे आहे. राजाला जे चुकले नाही ते आपल्याला चुकेल असे मानण्यात अर्थ नाही. परक्या मुलखाची हवा कुणाचा हुद्दा विचारीत नाही.

दुसरे उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. त्यांचे यजमान गोपाळराव टपाल खात्यात होते आणि काही काळ त्यांची नेमणूक कोल्हापूरला होती. पत्नीला वैद्यकी शिकवावयाची म्हणून त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. तो अमेरिकेतल्या एका मासिकात छापला गेला आणि न्यू जर्सी प्रांतातल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला. ना नात्याच्या, ना धर्माच्या, पण त्यांनी आपण होऊन पत्र घातले. पुढे पत्रे सुरू राहिली आणि १८८३ साली आनंदीबाई बोटीने अमेरिकेस पोहोचल्या तेव्हा त्या परक्या घरी गेल्या नाहीत, मावशीच्या घरी गेल्या. त्या कार्पेंटरबाईंना मावशीच म्हणत. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात, म्हणजे आजच्या सी.पी.आर. मध्ये, स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. परंतु तिकडची थंडी आणि न मानवणारे अन्न यांनी प्रकृती आधीच खचली होती. क्षयाने गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, पुण्यास त्यांचा अंत झाला. कोल्हापूरची जागा रिकामीच राहिली.

या एका चरित्रात आपल्या विषयाच्या दोन्ही बाजू आहेत. निघण्यापूर्वी तिकडे एक माणूस जोडून ठेवले, ही त्यांच्या तयारीची मोठी बाजू. आणि हवा व अन्न यांच्यापुढे नुसती जिद्द पुरी पडत नाही, ही दुसरी बाजू. त्या काळी त्यांना उपाय नव्हते. आज आपल्याला आहेत. म्हणून ते वापरले पाहिजेत.

आता तिसरा धडा, तो कराराचा. सुताराचे गिरमिट आपल्याला ठाऊक आहे. दुसरे एक गिरमिट आहे. 'ॲग्रिमेंट' म्हणजे करारनामा. त्याचे बोलीत झाले गिरमिट, आणि करारावर परमुलखात मजुरीला गेलेला तो गिरमिट्या. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख हिंदी मजूर अशा करारावर मॉरिशस बेटात उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसेही होती. कागदावर काय लिहिले आहे हे बहुतेकांना वाचता येत नव्हते. उसाच्या मळ्यात त्यांनी काय सोसले तो इतिहास मोठा आहे. ती ज्या घाटावर उतरली तो पोर्ट लुई शहरातला आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा म्हणून नोंदला गेला. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांनी गणपती आणि झाकरी सोडली नाही. गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते. पण ते सुख पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला आले. पहिल्या पिढीच्या वाट्याला न वाचलेला करार आला.

आज वाचता येते, तरी माणसे करार वाचत नाहीत, हे नवल आहे. एजंट सांगतो, 'पाहुणं, सही करा, बाकी आम्ही बघतो.' आणि पाहुणे सही करतात. म्हणून कायदा काय सांगतो ते नीट समजून घ्या.

परदेशी नोकरीला जाणाऱ्या कामगाराच्या रक्षणासाठी १९८३ सालचा उत्प्रवासन कायदा आहे. जो दहावी उत्तीर्ण नाही, त्याच्या पासपोर्टावर सामान्यतः 'ईसीआर' असा शेरा असतो. असा माणूस सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, मलेशिया आदी अठरा देशांत नोकरीला जाणार असेल तर त्याला उत्प्रवासी संरक्षक या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागते. हे कार्यालय मुंबईत आहे आणि अर्ज 'ई-मायग्रेट' या सरकारी व्यवस्थेतून होतो. परिचारिका शिकलेली असली तरी त्या अठरा देशांसाठी तिलाही ही परवानगी लागते. पुष्कळांना ही आडकाठी वाटते. खरे पाहता ती आडकाठी नव्हे, आधार आहे. परवानगीच्या निमित्ताने तुमचा करार, मालकाचे नाव आणि पगार सरकारदरबारी नोंदला जातो. उद्या काही वाकडे झाले तर हीच नोंद तुमच्या बाजूने बोलते.

शिक्षक मित्रहो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दहावीचा दाखला हा नुसता नोकरीचा दाखला नाही. नववीत शाळा सोडू पाहणाऱ्या मुलाला आणखी एक वर्ष थांबवून घेतलेत, तर पुढे त्याचा सबंध प्रवास मोकळा होतो. त्याच्या बापाला हे एवढे जरूर सांगा.

एजंटाविषयी चार गोष्टी. नोंदणी झालेल्या एजंटाचीच गाठ घ्या. त्याचा परवाना क्रमांक ई-मायग्रेटवर पाहता येतो. गावोगाव फिरून माणसे गोळा करणाऱ्या पोटएजंटाला कायद्यात जागा नाही. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून सेवेपोटी जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येतात, आणि तेही पावती देऊन. आणि 'आता फिरावयाच्या व्हिसावर जा, तिकडे पोहोचल्यावर नोकरीचा करून देऊ' असे कुणी म्हणाला की तेथूनच उठा. फिरावयाच्या व्हिसावर काम करणे हा तिकडे गुन्हा आहे. तसे काम करणाऱ्याला पगार बुडाला तरी धड तक्रारही करता येत नाही.

करार हातात आला की तो घरी आणा. गावच्या शिक्षकांकडून, नाही तर शिकलेल्या पोराकडून शब्द न् शब्द वाचून घ्या. पगार किती आणि कोणत्या नाण्यात? काम नेमके कोणते? तास किती आणि जादा कामाचे काय? खोली कुणाची, जेवण कुणाचे, दवाखाना कुणाचा? रजा केव्हा आणि येण्याजाण्याचे भाडे कोण देणार? मुदत किती? ही आठ उत्तरे कागदावर सापडली नाहीत तर तोंडी वचनावर विसंबू नये. आखाती देशांत वाद उपस्थित झाला तर सामान्यतः अरबी मजकूर ग्राह्य धरतात, म्हणून अरबी प्रतीत आणि इंग्रजी प्रतीत आकडे एकच आहेत ना, एवढे तरी पडताळून घ्यावे.

ईसीआरवाल्या कामगाराला प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावीच लागते. दोन वर्षांसाठी २७५ रुपये किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये व त्यावरचा कर, एवढाच हप्ता आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपयांचे संरक्षण मिळते. विम्याचा कागद पेटीत बंद करून नेऊ नका. त्याची प्रत घरी बायकोच्या, आईच्या हाती द्या. कारण वेळ आलीच तर तो कागद तिलाच लागणार आहे. जाण्यापूर्वी एका दिवसाचे मोफत मार्गदर्शन शिबिरही सरकारतर्फे असते. तेथे त्या देशाचे कायदे आणि रीतिरिवाज सांगतात. तो दिवस चुकवू नये.

आता कागदपत्रे. पासपोर्टासाठी आता लांब जावे लागत नाही. कोल्हापुरातच टपाल खात्यात पासपोर्ट सेवा केंद्र आहे. अडचण येते ती नावाची. शाळेच्या दाखल्यावर 'दत्तात्रय', आधारवर 'दत्ता', आणि इंग्रजीत एकीकडे एक स्पेलिंग, दुसरीकडे दुसरे. आपल्याकडे हे खपून जाते. परदेशी अधिकाऱ्याला मात्र ही दोन निराळी माणसे वाटतात. पासपोर्टावर केवळ एकच नाव असेल, आडनावाची जागा रिकामी असेल, तर अमिरातीत २०२२ सालापासून फिरावयाच्या व्हिसावर प्रवेश मिळत नाही. तेव्हा शाळेत नाव घालतानाच ते पूर्ण आणि एकाच स्पेलिंगने लिहिले जाईल एवढे शिक्षकांनी पाहिले, तर वीस वर्षांनंतरची एखाद्याची धावपळ आजच वाचेल.

पदवी, पदविका, आयटीआयचे प्रमाणपत्र, विवाहाचा दाखला ही कागदपत्रे परदेशात वापरण्यापूर्वी प्रमाणित करून घ्यावी लागतात. आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, आणि काही देशांच्या बाबतीत त्या देशाचा वकिलात असा त्याचा क्रम असतो. याला आठवडे लागतात. तिकीट काढल्यावर नव्हे, नोकरीची बोलणी सुरू झाल्याबरोबर हे काम हाती घ्यावे. सर्व कागदांच्या तीन प्रती कराव्या : एक अंगाबरोबर, एक पेटीत, एक घरी. शिवाय मोबाइलमध्ये छायाचित्रे ठेवावी ती वेगळीच.

आणि पासपोर्ट स्वतःजवळ ठेवावा. तो भारत सरकारचा कागद आहे. मालकाने तो अडकवून ठेवणे अमिराती, सौदी अरेबिया, कतार येथील कायद्यांतही बसत नाही. नोंदणीसाठी दिलाच तर परत केव्हा मिळणार ते विचारून द्यावा.

आखातासाठी वैद्यकीय तपासणी लागते. तीत छातीचा फोटो काढतात आणि क्षयाचा जुना डाग दिसला तरी माणूस अपात्र ठरू शकतो. म्हणून एजंटाला पैसे मोजण्याआधी आपल्या डॉक्टरकडून एकदा तपासून घेणे शहाणपणाचे. दातांचे काम, चष्मा, रखडलेली एखादी शस्त्रक्रिया हे सगळे इकडेच उरकावे. दातदुखी परदेशात फार महागात पडते.

आता पेटी भरू या. येथे आमच्या कोल्हापूरकरांना विशेष इशारा द्यावासा वाटतो. आई डोळ्यांत पाणी आणून लेकराच्या पेटीत कांदा-लसूण मसाल्याचा डबा ठेवते. त्या मसाल्यात पुष्कळ घरी खसखस असते. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. आपल्याकडे ती वाण्याच्या दुकानात मिळते. अमिराती आणि सौदी अरेबियात ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. डब्यातल्या चिमूटभर खसखशीपायी माणूस तुरुंगात जाऊ शकतो. तेव्हा बरोबर द्यावयाची चटणी खसखशीवाचून कुटावी आणि लाडूंतही ती घालू नये. विड्याचे पान, गुटखा, मावा हेही घरीच ठेवावे.

औषधांचेही असेच आहे. खोकल्याची काही औषधे, दुखणे थांबवणाऱ्या आणि झोपेच्या काही गोळ्या तिकडे बंदी असलेल्या यादीत आहेत; कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही त्यांतली नावे. रोजची औषधे न्यावयाची तर मूळ वेष्टनात न्यावी, डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी बरोबर घ्यावी, आणि पूर्वपरवानगी लागते का ते त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर आधी पाहावे. ऑस्ट्रेलियासारख्या देशात उतरताना खाण्याचा प्रत्येक पदार्थ, बी-बियाणे, दुधाचे पदार्थ अर्जावर लिहून सांगावे लागतात. सांगितले तर फार तर काढून घेतील. लपवले तर दंड होतो. आणि दुसऱ्याने दिलेले गुंडाळलेले पार्सल, मग तो देणारा मेहुण्याचा मेहुणा का असेना, उघडून पाहिल्यावाचून नेऊ नये. पेटी तुमची, तर आतल्या वस्तूही तुमच्याच, असे कायदा धरून चालतो.

मग खावे काय? तयार पदार्थ किती दिवस पुरणार? भडंग पंधरा दिवसांत संपते. खरी शिदोरी म्हणजे स्वयंपाक येणे. जाण्यापूर्वी महिनाभर मुलाला चुलीपुढे, म्हणजे आजच्या गॅसपुढे बसवावे. भात, आमटी, पिठले, एक भाजी आणि भाकरी नाही तर चपाती, एवढे पाच प्रकार ज्याला येतात तो जगाच्या पाठीवर उपाशी राहत नाही. साहित्याची चिंता आता उरलेली नाही. दुबईतील करामा भागात, लंडनमधल्या साउथहॉल आणि वेंब्लीत, न्यू जर्सीतील एडिसनच्या ओक ट्री रस्त्यावर आपल्याकडचे पीठ, डाळी, कढीपत्ता सारे मिळते. ज्या न्यू जर्सीत आनंदीबाईंना आपले अन्न दुर्मिळ होते, त्याच प्रांतात आज ही दुकाने ओळीने लागलेली आहेत. चार-सहा जणांनी एका खोलीत राहावयाचे असेल तर स्वयंपाकाची, भांड्यांची आणि झाडलोटीची पाळी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून भिंतीला लावावी. खोलीतली बरीच भांडणे न घासलेल्या पातेल्यावरून सुरू होतात.

हवेचा विचार देशाप्रमाणे करावा. आखातात उन्हाळा अंग भाजून काढतो. म्हणून अमिराती आणि सौदी अरेबियात १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात भर दुपारी उघड्या उन्हात काम करवून घेण्यास बंदी आहे. हा हक्क ठाऊक असावा. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे; लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडले असे समजावे. थंड देशात याच्या उलट. एका जाड घोंगडीसारख्या कोटापेक्षा एकावर एक असे तीन पातळ कपडे अधिक ऊब देतात, कारण दोन कपड्यांमध्ये हवा कोंडून राहते. पायमोजे आणि बूट चांगले असावेत. हिवाळ्यात तिकडे दुपारी चारलाच अंधारून येते, ऊन दिसत नाही, मन उदास होते. तो आळस नव्हे, हवेचा परिणाम आहे. रोज दिवसाउजेडी बाहेर फिरावे आणि 'ड' जीवनसत्त्वाविषयी डॉक्टरला विचारावे. खोलीत शेगडी पेटवून दारे-खिडक्या लावून झोपण्याचा वेडेपणा कधी करू नये. त्या धुराने झोपेतच प्राण जातो.

ज्याच्या गावात राहावयाचे त्याची रीत पाळावी, हा तर आपल्याच घरचा शिरस्ता. आखातात रमजानच्या महिन्यात दिवसा चारचौघांत खाऊ-पिऊ नये. परक्या स्त्रियांची, सरकारी इमारतींची छायाचित्रे काढू नयेत. मोबाइलवर कुणाच्या धर्माविषयी, तिथल्या राज्यकर्त्यांविषयी काहीबाही लिहू नये. गावच्या पारावर जे बोलून विसरले जाते ते तिकडे लेखी पुरावा ठरते. युरोपात रांग, वेळ आणि शांतता या तीन गोष्टींना फार मान आहे. रात्री दहानंतर खोलीत मोठ्याने गाणी लावली तर शेजारी भांडावयाला येत नाही, तो थेट पोलिसांना बोलावतो.

भाषेचेही तसेच. अरबी मुलखात 'शुक्रन', 'कितीला', 'डावीकडे-उजवीकडे', 'दुखते आहे' अशा शंभर शब्दांनी रोजचा व्यवहार निभावतो. जर्मनीचे तसे नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, तेव्हापासून आपल्याकडे पुष्कळ मुले जर्मनीकडे डोळे लावून आहेत. परंतु तिकडे परिचारिकेला रोग्याशी जर्मनमध्येच बोलावे लागते आणि त्यासाठी भाषेच्या वरच्या पायरीपर्यंतच्या परीक्षा द्याव्या लागतात. भाषेला वर्ष-दीड वर्ष द्यावयाची तयारी असेल तरच त्या वाटेला जावे.

आता पैसा. समजा, एजंटाला आणि तिकिटाला म्हणून कुणी दीड लाख रुपये शेकडा तीन रुपये दरमहा व्याजाने काढले. महिन्याचे व्याज झाले ४,५०० रुपये, वर्षाचे ५४,०००. म्हणजे मुद्दल जागच्या जागी आणि वर्षभरातल्या घामाचा मोठा वाटा सावकाराच्या घरी. असा माणूस मालकाने छळले तरी परत येऊ शकत नाही, कारण परत येऊन कर्ज कसे फेडणार? परदेशातल्या पुष्कळशा लाचारीचे मूळ हे गावातल्या व्याजात असते. म्हणून कर्ज काढावयाचेच तर बँकेचे काढावे, आणि नियमाबाहेरचे पैसे मागणाऱ्या एजंटासाठी तर मुळीच काढू नये.

परदेशी नोकरीला गेल्यावर इकडचे साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. ते बँकेला सांगून 'एनआरओ' प्रकारात बदलून घ्यावे लागते. तिकडची कमाई पाठविण्यासाठी 'एनआरई' खाते उघडावे. त्यातील व्याजावर भारतात प्राप्तिकर नाही आणि पैसे पुन्हा परदेशी नेण्याची मोकळीक असते. चार पैसे जास्त मिळतात म्हणून हवालामार्गे पैसे पाठवू नयेत. तो गुन्हा आहे आणि पैसे बुडाले तर दाद मागता येत नाही. घरी कोणत्या कामाला किती पाठवावयाचे, हे आधीच ठरवावे. जमिनीच्या कामासाठी भावाला मुखत्यारपत्र द्यावयाचे तर ते सरसकट न देता ठरावीक कामापुरते द्यावे, आणि सातबारा, वारस, खात्याचे नामनिर्देशन जाण्यापूर्वी सरळ करून ठेवावे. यात अविश्वास नाही. चोख हिशेबाने भाऊबंदकी वाचते.

राहता राहिली माणसे. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यावसायिक पाहा. सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी ही दुष्काळी भागातली माणसे देशभर पसरली. परमुलखात त्यांनी पाय रोवले ते कशाच्या बळावर? आधी गेलेल्याने मागून येणाऱ्याला हात दिला, निवारा दिला, काम शिकविले. परदेशातली मराठी मंडळे हेच करतात. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचे आहे. उत्तर अमेरिकेतील मंडळांचे मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली उभे राहिले. जाणाऱ्याने तिकडच्या मंडळाशी आधीच पत्रव्यवहार करावा. तथापि आपल्याच माणसांत कोंडून घेऊ नये. कार्पेंटरबाई मराठी नव्हत्या, हे विसरू नका.

संकट आलेच तर कुठे जावे? बहुतेक देशांत भारताचा वकिलात असतो. पोहोचल्याबरोबर तेथे आपले नाव नोंदवावे आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक पाठ करावा. परराष्ट्र मंत्रालयाची 'मदद' नावाची तक्रार व्यवस्था आहे. तिच्यावर गावी बसलेले नातेवाईकही तक्रार नोंदवू शकतात. दुबई, रियाध, जेद्दा, कुआलालंपूर येथे प्रवासी भारतीय साहाय्य केंद्रे आहेत. २००९ साली सुरू झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी वकिलातांकडे असतो. अडकलेल्या गरजू माणसाला निवारा, वकील, परतीचे तिकीट, आणि दुर्दैवाने मृत्यू आला तर देह घरी पाठविण्याचा खर्च यांसाठी त्यातून साहाय्य मिळते. हा आपला हक्क आहे, भीक नाही.

शेवटी घरच्यांसाठी दोन शब्द. दुबईचे घड्याळ आपल्यामागे दीड तास, सौदीचे अडीच तास, इंग्लंडचे हिवाळ्यात साडेपाच तर उन्हाळ्यात साडेचार तास, आणि न्यूयॉर्कचे हिवाळ्यात साडेदहा तर उन्हाळ्यात साडेनऊ तास. हे लिहून फोनजवळ चिकटवा, म्हणजे झोपेतून उठवून 'जेवलास का रे?' असे विचारण्याची पाळी येणार नाही. फोनवर केवळ पैशाचे बोलू नका. म्हैस व्याली, जोतिबाची चैत्री यात्रा झाली, धाकटीचा पहिला नंबर आला, हे ऐकण्यासाठी तो तिकडे कान लावून बसलेला असतो. आणि तो 'सगळं ठीक आहे' म्हणाला तरी आवाज ओळखा.

शिक्षक मित्रहो, प्रत्येक शाळेत एक वही ठेवता येईल. गावातले कोण कोणत्या देशी गेले, कोणत्या कामावर, मालक कोण, विम्याचा क्रमांक काय, घरी कुणाला कळवावयाचे. घरच्यांच्या संमतीने एवढ्या नोंदी झाल्या तर जाणाऱ्या नव्या मुलाला कुणाची गाठ घ्यावी ते कळेल, आणि अडचणीच्या रात्री धावाधाव करावी लागणार नाही. आनंदीबाईंच्या वेळी एका पत्राला उत्तर देणारी एक बाई समुद्रापलीकडे निघाली. आपल्या गावची माणसे आता समुद्रापलीकडे जागोजागी आहेत. त्यांची नावे आपल्याला ठाऊक असली पाहिजेत, इतकेच.